आखाजीचे मांडे: खापरावरची पुरणपोळी घरच्या सगळ्यांनी मिळून

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोका बांधलेला असतो, मुलं सुट्टीच्या तोंडावर मोकाट असतात. सकाळी घागर पुजायची, पूर्वजांच्या नावाने आगारी टाकायची, म्हणजे विस्तवावर घास द्यायचा, आणि दुपारच्या ताटात आमरसासोबत मातीच्या खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे. हातावर झुलवून ताणलेली, परातीएवढी, कडेने कागदासारखी, आत मऊ पुरण.

अनेक घरांत आता मांडे विकत आणतात, कारण 'ते हातावरचं काम आपल्याला जमणार नाही' हे पक्कं डोक्यात बसलेलं असतं. पण पोळी हातावर फाटते तेव्हा बहुतेक वेळा हाताचा दोष नसतो. पीठ ताणाला उतरलेलं नसतं, नाहीतर पुरण कणकेपेक्षा घट्ट झालेलं असतं. या दोन गोष्टी साधल्या की पहिल्याच वर्षी दहातल्या सहासात पोळ्या धड उतरतात. म्हणून या लेखात जास्त जागा पिठाला आणि पुरणाला दिली आहे.

खालचं प्रमाण दहा मोठ्या पोळ्यांचं आहे. एक पोळी दोघांना पुरते, आमरस असेल तर नक्कीच.

पिठासाठी सव्वा किलो चांगला लोकवन गहू (चाळून 650 ग्रॅम सपीट, म्हणजे वस्त्रगाळ बारीक पीठ, लागतं), 1 चहाचा चमचा मीठ, 3 मोठे चमचे शेंगदाणा तेल, साधारण 420 ते 450 मिली पाणी. पुरणासाठी अर्धा किलो हरभरा डाळ, अर्धा किलो गूळ, 8-10 वेलदोडे, पाव जायफळ, चिमूटभर हळद आणि मीठ. लाटायला वाटीभर कोरडं सपीट. वाढताना साजूक तूप.

गहू आणि दळण: दोन दिवस आधी

गहू निवडून ताटात पसरा. त्यावर 4 मोठे चमचे पाणी शिंपडून हाताने चोळा, ओलसर सुती कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा. या ओलीने दाण्याचं साल चिवट होतं. चिवट साल दळताना भुगा न होता मोठ्या पापुद्र्यांनी सुटतं आणि चाळणीवर राहतं. कोरडा गहू दळला तर कोंड्याची बारीक पूड पिठात मिसळते, ती कोणत्याच कापडातून वेगळी होत नाही. पोळी ताणताना हीच पूड आतून सुरीसारखी कापत जाते.

सकाळी गहू सावलीत तासभर पसरा. मुठीत घेतल्यावर हाताला ओल लागता कामा नये, नाहीतर जात्याचे दगड चिकटतात आणि गिरणीवाला परत पाठवतो.

गिरणीत एक गोष्ट आवर्जून सांगायची: आपल्या आधी दादर (ज्वारी), बाजरी किंवा कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) दळण गेलेलं नको. आपल्याकडच्या गिरणीत हेच जास्त दळलं जातं. या पिठांना गव्हासारखा ताण नसतो. जात्यात अडकलेलं ओंजळभर पीठ मिसळलं तरी कणीक जागोजागी तुटते. गव्हामागे नंबर लावा, नाहीतर पहिले दोन मूठ गहू वेगळे दळून बाजूला काढा. पीठ बारीक हवं, पण हाताला चटका बसेल इतकं गरम होऊन पडत असेल तर दगड थोडे सैल करायला सांगा. तापलेल्या पिठाचा ताण कमी होतो.

घरी आल्यावर पीठ पसरून निववा आणि वस्त्रगाळ करा. जुनं धुतलेलं धोतर किंवा मलमलचं कापड पातेल्यावर सैलसर बांधायचं, मूठमूठ पीठ टाकून तळहाताने फिरवायचं. तासाभराचं काम आहे आणि मुलांना ते मनापासून आवडतं. दोघं कापड धरतील, एकजण हात फिरवेल. वर राहिलेला रवा-कोंडा टाकू नका, पुढच्या दाळ-बट्टीला तो उत्तम.

बाजारचा मैदा चालतो का? चालतो, आणि पहिल्या वर्षी निम्मा मैदा घ्यायला हरकत नाही. नुसत्या मैद्याची पोळी मात्र थंड झाली की चामट होते, शिवाय गव्हाची चव जाते.

कणीक: भिजवणं आणि तिंबणं

आखाजीच्या दिवसांत पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. त्यामुळे सगळं पहाटेपासून धरावं लागतं. चारला कणीक भिजवली तर सव्वासातला खापर पेटवता येतं आणि ऊन तापायच्या आत चुलीपुढून उठता येतं.

सपिटात मीठ मिसळा. माठातलं पाणी घ्या आणि आधी 350 मिली पाण्यात घट्टसर गोळा करून ओल्या कापडाखाली अर्धा तास ठेवा. तेल आत्ता घालायचं नाही. पिठाच्या कणांवर आधीच तेल बसलं की पाणी आत शिरत नाही आणि तार धरायला वेळ लागतो.

अर्ध्या तासाने उरलेलं पाणी चमचाचमचा शिंपडत कणीक तिंबायला घ्या. मुठीने दाबायची, घडी घालायची, उचलून परातीत आपटायची. एकट्याचे हात भरून येतात, म्हणून पाच-पाच मिनिटांची पाळी लावा. चारपाच जणांत वीस-पंचवीस मिनिटं सहज निघतात. घरातल्या पुरुषांनी हे काम घ्यावं, इथे खरोखर जोर लागतो. सुरुवातीला कणीक हाताला चिकटते, बोटांना दोऱ्या लागतात. तेव्हा घाबरून पीठ लावू नका. दहा मिनिटांनी ती आपोआप परात सोडायला लागते. शेवटी तेल घाला आणि सगळं जिरेपर्यंत मळा.

झाली की नाही ते असं बघायचं: लिंबाएवढा गोळा घ्या, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चारी बाजूंनी ताणा. मधला पडदा इतका पातळ झाला पाहिजे की पलीकडची बोटं दिसतील. त्याआधीच भोक पडलं आणि भोकाची कड दातेरी असेल तर अजून तिंबणं बाकी आहे. तिंबून झाली आहे, पण ताणल्यावर रबरासारखी मागे येते, तर फक्त विसावा हवा आहे.

हा विसावा दोन तासांचा. तेलाचा हात लावून, झाकून, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. उन्हाळ्यात अडीच तासांपुढे नेऊ नका. कणीक पाणी सोडते, सैल पडते आणि आंबूस वास यायला लागतो.

पुरण

डाळ धुऊन तासभर भिजवा. रात्रभर नको, या हवेत ती फसफसते. तिप्पट पाणी, हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवा. मीठ शेवटी. डाळ बोटांत चिरडली जायला हवी, पण दाणा अख्खा दिसायला हवा. कुकरमध्ये गाळ झाली तर तिच्यात पाणी अडकतं, पुरण आटवायला दुप्पट वेळ जातो आणि ते खाली लागतं. शिजलेली डाळ चाळणीवर पंधरा-वीस मिनिटं निथळा. खालचा कट रशीसाठी ठेवायचा. गोडावर काळ्या मसाल्याची झणझणीत रशी नसेल तर आखाजीचं ताट पुरं होत नाही.

गूळ बारीक चिरा. त्यात खडे किंवा चिपाड दिसलं तर दोनतीन चमचे कटात वितळवून गाळून घ्या. डाळ-गूळ जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मध्यम आचेवर हलवत राहा. आधी सगळं पातळ होतं, मग घट्ट व्हायला लागतं.

नेहमीच्या पोळीला आपण उलथनं पुरणात ताठ उभं राहीपर्यंत आटवतो. मांड्याला तिथवर जायचं नाही. उलथनं उभं राहावं आणि मग सावकाश एका बाजूला कलावं, इथे गॅस बंद. पुरण निवताना आणखी घट्ट होतं, आणि आपल्याला ते शेवटी कणकेइतकंच मऊ हवं आहे. गरम असतानाच पाट्यावर वाटा किंवा पुरणयंत्रातून बारीक जाळीने दोनदा काढा. निवलेलं पुरण गुळामुळे चिवट होतं आणि यंत्र फिरत नाही. शेवटी वेलची, जायफळ, मीठ.

आता अंगठा आणि तर्जनीत पुरण घेऊन चोळा. जराही कण लागला तर तेवढं पुन्हा वाटा. अर्धी डाळ नेहमीच्या पोळीत चालून जाते, मांड्यात नाही. ताणलेल्या पापुद्र्याला नेमकं तिथूनच भोक पडतं.

मग कणकेचा आणि पुरणाचा एकेक गोळा शेजारी ठेवून दोन्हींवर सारख्याच जोराने बोट दाबा. दोन्ही सारखेच दबले पाहिजेत. पुरण घट्ट असेल तर दोन चमचे कोमट कट किंवा दूध घालून मळा. सैल असेल तर पुन्हा पाच मिनिटं आटवा. पीठ घालून पुरण घट्ट करू नका, कच्च्या पिठाची चव लागते.

पुरण आदल्या रात्री करायचंच असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि लाटायच्या दोन तास आधी बाहेर काढा. बाहेर ठेवलेलं सकाळपर्यंत आंबतं, आणि फ्रीजमधून थेट घेतलेलं दगडासारखं असतं.

खापर आणि जाळ

खापर म्हणजे कुंभाराने मांडे भाजण्यासाठीच घडवलेलं मातीचं रुंद भांडं. ते चुलीवर पालथं घालून त्याच्या घुमटावर पोळी भाजतात. कुंभारांनी खापर द्यायला नकार दिला तेव्हा मुक्ताबाईंनी ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा महाराष्ट्रभर सांगतात. मुक्ताईनगर आपल्याच जळगाव जिल्ह्यात असल्याने आपल्याकडे ती जरा जास्तच जवळची.

विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे कुठेतरी चीर. पाठीवरून तळहात फिरवून खडबडीत कण नाहीत हे बघा. दहा-बारा दिवस आधी आणा. रात्रभर पाण्यात बुडवा, मग दोन-तीन दिवस सावलीत आणि एक दिवस उन्हात पूर्ण वाळवा. ओल्या मातीला एकदम आच लागली की आतल्या पाण्याची वाफ होऊन खापर तडकतं. पहिल्यांदा तापवताना पंधरा-वीस मिनिटं अगदी मंद जाळावर.

चूल आडोशाला मांडा, वाऱ्याकडे भिंत येईल अशी. तीन विटा लांब कडेवर उभ्या करून त्यांवर खापर पालथं बसवा. पुढून सरपण सारायला जागा आणि मागून धूर निघायला फट हवी. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि तुरीच्या काड्यांचा जाळ लवकर पसरतो, गोवऱ्यांची धग टिकते. दोन्ही मिळून वापरा: खाली दोन गोवऱ्या फुललेल्या आणि वरून काड्यांचा बेताचा जाळ. जाळाला बसलेल्या माणसाने दुसरं काहीच करायचं नाही. तो उठला की पुढची पोळी पांढरी राहते किंवा काळी होते.

कडब्याची गंजी आणि गुरांचा चारा चुलीपासून लांब असावा. भरलेली बादली जवळ, चुलीपुढे बसणाऱ्यांच्या अंगावर सुती कपडे, आणि लहान मुलांना खडूने आखलेल्या रेषेपलीकडे जागा. रेष आखली की मुलं ती पाळतात, नुसतं 'लांब बसा' म्हटलं की पाच मिनिटांत पुढे सरकतात.

खापर तापलं का हे बघायला वर पिठाची चिमूट टाका. सावकाश दहा मोजेपर्यंत बदामी झाली तर तयार. लगेच काळी पडली तर काड्या मागे ओढा आणि दोन मिनिटं थांबा. पीठ कोरड्या कापडाने पुसा. तापलेल्या खापराला ओलं फडकं लावायचं नाही.

लाटणं आणि हातावर घेणं

कणकेच्या 20 सारख्या लाट्या करा, साधारण 55 ग्रॅमच्या, आणि पुरणाचे 10 गोळे, 150 ग्रॅमचे. काटा असेल तर वापरा. लाट्या लहानमोठ्या झाल्या तर वरचा आणि खालचा पापुद्रा सारखा ताणला जात नाही. लाट्या ओल्या कापडाखाली झाका. उन्हाळी वाऱ्याने पाच मिनिटांत वर पापडी धरते, आणि ती पापडी पुढे ताणत नाही, तडकते.

दोन लाट्यांच्या तळहाताएवढ्या पुऱ्या लाटा. एकीवर पुरण चपटं करून पसरा, कडेला बोटभर जागा सोडा. वर दुसरी पुरी ठेवून मधून बाहेर हवा काढत कडा दाबून मिटवा. आत हवा राहिली तर तो फुगा ताणताना फुटतो. आता अगदी हलक्या हाताने, कडांकडे जास्त आणि मध्ये कमी असं, पोलपाटभर लाटा, साधारण 25 सेंटिमीटर. पीठ कमीत कमी लावा.

ज्याने हातावर घ्यायचं त्याने अंगठ्या, घड्याळ आणि टोचणाऱ्या बांगड्या काढून ठेवाव्यात. पोळी उचलून दोन्ही मुठींच्या पाठीवर घ्या, बोटं आत वळलेली, कोपरं अंगाजवळ. मग एक हात पुढे आणि एक मागे असा झुलवत पोळी थोडी थोडी फिरवत न्यायची. ओढायचं नाही. पोळीचं वजनच तिला ताणतं, आपण फक्त जागा बदलत राहायचं. मधला भाग सर्वांत आधी पातळ होतो, म्हणून दोनतीन फेऱ्यांनंतर मुठी कडेकडे सरकवा आणि पोळी मनगटावरून कोपराकडे पसरू द्या. दहा-पंधरा झोक्यांत ती 40 ते 45 सेंटिमीटरची होते. उजेडाकडे धरली की पुरणाची पिवळी सावली सगळीकडे सारखी दिसते. जिथे ती गडद दिसेल तिथे पुरण साठलंय, तिकडे एखादा झोका जास्त.

शिकणाऱ्याने आधी मोठा ओला रुमाल असा फिरवून बघावा. मग बिनपुरणाच्या दोन लाट्या. त्यानंतरच भरलेली पोळी.

खापरावर टाकताना पलीकडची कड आधी टेकवा आणि हात आपल्याकडे ओढत खालून काढून घ्या. घुमट गोल असल्याने पोळी आपोआप बसते. सुरकुती पडली तर लगेच कड उचलून सोडा, दहा सेकंदांनंतर हात लावू नका. अर्ध्या-पाऊण मिनिटात वरचा पांढरेपणा जातो आणि बारीक फोड येतात. पातळ पोळी उलटावी लागत नाही. जाड राहिली असेल तर अलगद उलटून पंधरा सेकंद. खापरावरच आधी निम्मी, मग चौघडी घडी घाला आणि सुती कापड अंथरलेल्या टोपलीत ठेवा. स्टीलच्या डब्यात गरम ठेवली तर घाम येऊन घड्या एकमेकींना चिकटतात. पहिली पोळी नैवेद्याची आणि आगारीची, ती आधीच वेगळी काढा.

एकजण पुऱ्या लाटतो, एकजण भरतो, एकजण हातावर घेतो, एकजण जाळाला. असे चौघं बसले तर दहा पोळ्या तासाभरात होतात. नवख्यांना दीड तास धरा.

काय बिघडतं आणि का

पोळी बरोबर मध्ये फाटते: मुठी फार वेळ मध्ये राहिल्या, किंवा लाटतानाच मध्ये पातळ झाली. लहान भोक असेल तर चिमटीने मिटवून तशीच टाका, खापरावर जुळून येतं. कडेने फाटते: कड नीट मिटली नव्हती, किंवा लाटीवर पापडी धरली होती. भोकं वेगवेगळ्या जागी पडतात: पुरणात कण आहेत, किंवा पीठ नीट चाळलं नाही. अशा वेळी पुरण पुन्हा वाटून बघा. पुरणाचा दोष असेल तर लगेच फरक दिसतो.

पुरण एका बाजूला गोळा होऊन राहतं आणि बाकीची पोळी कोरी: पुरण कणकेपेक्षा घट्ट. पुरण कडेतून बाहेर वाहतं: सैल. पोळी ताणल्यावर आखडते: लाट्या झाकून आणखी वीस मिनिटं थांबा, घाई करून जोराने ओढू नका. खापराला चिकटते: खापर पुरेसं तापलं नाही किंवा आधीचं फुटलेलं पुरण वर जळून बसलंय. ते लाकडी उलथन्याने खरवडून कोरड्या कापडाने पुसा. पोळीवर काळे ठिपके: लाटताना लावलेलं जास्तीचं पीठ जळतंय. पापडासारखी कडक: जाळ कमी आणि वेळ जास्त. मंद खापरावर पोळी भाजत नाही, वाळते.

फ्लॅटमध्ये करायचं असेल तर

30 ते 35 सेंटिमीटरची जाड लोखंडी कढई गॅसवर पालथी घाला. नॉनस्टिक मुळीच नको. कढई थेट बर्नरवर झाकून ठेवली तर ज्योतीला हवा मिळत नाही. खाली लोखंडी तिवई ठेवून कडेने दोन बोटांची फट राहू द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि ज्योत पिवळी पडली तर लगेच गॅस बंद करा. लोखंड मधोमध फार तापतं, कडा गार राहतात. म्हणून पोळी थोडी लहान, 30-35 सेंटिमीटरची करा, आच मध्यम ठेवा, आणि वीसेक सेकंदांनी कडेने धरून अर्धा फेरा फिरवा. लोखंडावरची पोळी जरा कडक होते, मातीची चव येत नाही, पण ताणलेल्या पापुद्र्याची मजा तीच.

मांडे त्याच दिवशी खावेत. रात्रीला उरलेले दूध-तुपात कुस्करून मुलं आवडीने खातात. दुसऱ्या दिवसावर ठेवायचे तर फ्रीजमध्येच.

सगळं झाल्यावर खापर चुलीवरून लगेच काढू नका. जाळ विझू द्या, ते तिथेच पूर्ण निवू द्या, पाणी ओतू नका. निवल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं, साबण लावायचा नाही, कारण माती साबण पिते आणि पुढच्या वेळी त्याचा वास पोळीला लागतो. कोरड्या पोत्यात गुंडाळून पालथं ठेवा, वर काही रचू नका. पावसाळ्यानंतर एकदा उन्हात काढा, आणि पुढच्या आखाजीला पेटवायच्या आधी पुन्हा बोटाच्या पेराने वाजवून बघा.